बॉक्सच्या आतलं, बॉक्सच्या बाहेरचं

सकाळी ६:३०

क्लच स्लिप मारतोय की नाही, हे गॅरेजात उभ्या गाडीवर नीट कळत नाही. त्याला चढ लागतो. नगर शहरात एवढ्या सकाळी सगळ्यात सोयीचा चढ म्हणजे सक्कर चौकातून उड्डाणपुलावर जाणारा. २०२२च्या नोव्हेंबरात हा पूल सुरू झाला आणि आम्हा गॅरेजवाल्यांना भर शहरात तीनेक किलोमीटरचा ट्रायलचा रस्ता मिळाला. फक्त साडेसातच्या आत उरकावं लागतं, नंतर तिथं कुणाला कुणाची दया नसते.

आजची गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दिसायला चार दारांची सेडान, पण आत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती आणि पाच गिअर. २००४ साली ही गाडी भारतात आली तेव्हा टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं. जोडणी इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तेव्हाच्या औरंगाबादच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. मालक घोडेगावचे कांद्याचे तरुण व्यापारी. त्यांनी ती जुनी घेतली आहे आणि जिवापाड जपतात.

पुलाच्या चढावर चौथा गिअर टाकला आणि पाय पूर्ण दाबला. टर्बो भरला तसा आरपीएमचा काटा झपकन वर गेला, स्पीडचा मात्र होता तिथंच. वर जळक्या लायनिंगचा उग्र वास. म्हणजे क्लचची प्लेट घसरतेय. पूल उतरून सिग्नलला थांबलो, पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला, तर पेडल पायाखाली हळूहळू आणखी खाली बसत गेलं आणि गाडी आपोआप पुढं सरकू लागली. पेडल दोनदा मारलं की पुन्हा ठीक.

हे दोन वेगळे आजार आहेत. प्लेट घसरणं म्हणजे क्लच पुरता धरत नाही. गाडी सरकणं म्हणजे तो पुरता सोडत नाही. पहिला घर्षणाचा, दुसरा तेलाच्या दाबाचा. एकाचं सामान बदलून दुसरा बरा होत नाही.

सकाळी ७:३०

गॅरेज कायनेटिक चौकाच्या अलीकडं, केडगावच्या बाजूला. चौकाला नाव पडलं ते कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यावरून. १९७२ साली आलेल्या लुनानं या कंपनीला घराघरांत नेलं. लुनाला क्लचची लिव्हरच नव्हती. वेग वाढला की आतला क्लच आपला आपण धरायचा. आमच्या वडिलांची पिढी त्या लुना खोलत शिकली. आर्मर्ड कोअरचं ट्रेनिंग सेंटर आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथंच असल्यामुळं शहरात रिटायर झालेले, हातात पाना धरलेले जाणकारही भरपूर. नगरमध्ये गाडीबद्दल थापा मारून चालत नाही, शेजारच्या टपरीवर चहा पिणारा माणूस रणगाड्याचा गिअरबॉक्स उतरवलेला निघू शकतो.

हाताखालच्या बारक्यानं बोनेट उघडलं. आधी तेलाची डबी बघायची. या गाडीत क्लचला वेगळी डबी नाही. ब्रेकच्याच डबीतून एक बारीक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलनं तेल दाबणाऱ्या सिलिंडरला जाते. ती नळी डबीला जरा वरच्या अंगाला जोडलेली असते. क्लचचं तेल गळालं तर डबीतली पातळी त्या तोंडापर्यंतच उतरते, खालचं तेल ब्रेकसाठी राखून राहतं. क्लच गेला तरी ब्रेक राहिला पाहिजे, एवढा विचार त्या तोंडाच्या उंचीत केलेला आहे.

डबी भरलेली आहे. पेडलच्या वर, मास्टरच्या दांड्याशी बोट फिरवलं, कोरडं. खाली गिअरबॉक्सवर, त्या दाबानं क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर, त्याच्या रबरी बुटाखाली किंचित ओल. एवढ्या ओलीनं पेडल असं बसत नाही. म्हणून स्लेव्हला जाणारी लवचिक नळी चिमट्यात अलगद दाबली आणि बारक्याला पेडल दाबून धरायला सांगितलं. स्लेव्हची वाट बंद असूनही पेडल खाली बसत गेलं. म्हणजे मास्टरचं आतलं सील तेलाला मागं सोडतंय. बाहेर थेंब नाही, आत दाब टिकत नाही. आणि स्लेव्हही पाझरायला लागलाय. दोन्ही सिलिंडर बदलायचे.

एकच का नको, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. मास्टर नवा टाकला की दाब पूर्ण तयार होतो आणि तो दाब जुन्या स्लेव्हच्या थकलेल्या सीलवर जातो. आज पाझरणारा स्लेव्ह मग पंधरवड्यात वाहायला लागतो. दोघं एकाच वयाचे, एकाच तेलावर जगलेले आहेत.

सकाळी ८:४५

मालक आले. सोबत खोकं. आत इंटरनेटवरून मागवलेलं एकसंध, हलकं फ्लायव्हील.

“वस्ताद, हे बसवू. आणि प्लेट ती तांबड्या गुट्ट्यांची टाका, रेसिंगची. पुन्हा स्लिपचं नाव नको.”

“दादा, आधी चहा घ्या. मग एक सांगा, गाडी चालते कुठं?”

“घोडेगाव-नगर, नगर-घोडेगाव. रविवारी कधी शिर्डी, कधी पुणं.”

“ट्रॅकवर नेणार?”

ते हसले. रेसच्या ट्रॅकची जुनी ठिकाणं म्हणजे चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचं कारी. इथून नुसतं जायलाच एक दिवस.

“ताकद वाढवायला इंजिनाला रिमॅप?”

“पुढं बघू. आत्ता नाही.”

क्लचचं सामान निवडताना मला ब्रँडच्या आधी ही तीन उत्तरं लागतात. कारण घोडेगावहून नगरला येताना इमामपूरचा घाट आहे, आणि नोव्हेंबरपासून तिथं उसाच्या ट्रॉल्या. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्याचा हिवाळा ट्रॅक्टरच्या चालीनं चालतो. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर घाट चढत असतो, ओव्हरटेकला जागा नसते, आणि मागची १५० घोड्यांची गाडी हाफ क्लचवर रांगत राहते. या गाडीची प्लेट वेगानं जळलेली नाही, मंदगतीनं जळली आहे.

धातूच्या गुट्ट्यांच्या प्लेटला हाफ क्लच हा प्रकारच ठाऊक नसतो. ती एकतर धरते नाहीतर सोडते. ट्रॅकवर तेच हवं असतं. ट्रॉलीमागं तीच प्लेट गाडीला गचके देत नेते. दादांना हे पटलं, पण फ्लायव्हीलच्या खोक्यावरचा हात काही निघेना. म्हटलं, गिअरबॉक्स उतरू द्या, मग बोलू.

सकाळी ९:३०

पहिली ऑर्डर. हायड्रॉलिकचं सामान बॉक्स उतरवण्याआधीच मागवता येतं, कारण काय गेलंय ते कळलेलं आहे. संभाजीनगरच्या स्पेअरवाल्या शेठना फोन लावला. शेंद्र्याला कारखाना आल्यापासून स्कोडाचं सामान तिथं पुण्याच्या बरोबरीनं मिळतं.

स्लेव्हची अडचण नसते. जुन्या ऑक्टाव्हियाची डिझेल गाडी आपल्याकडं खंडीनं विकली गेली, तिचा आणि आरएसचा खालचा सिलिंडर एकाच घराण्यातला. युरोपातल्या चौथ्या पिढीच्या गोल्फलाही तोच. खप असलेलं सामान ताजं मिळतं. रबरी सीलच्या सामानात ताजेपणा फार महत्त्वाचा. शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेला नवा सिलिंडर हा नवा नसतो.

खरी मेख मास्टरला आहे. फोक्सवॅगनच्या घराण्यात पार्ट नंबरची सुरुवात बघायची. वन-जे-वन असेल तर तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा, वन-जे-टू असेल तर उजव्या. परदेशी साईटवर स्वस्तात दिसणारे बहुतेक मास्टर वन-जे-वनचे असतात. फोटोत जुळे भाऊ वाटतात, पण नळीचं तोंड आणि बसण्याचा कोन वेगळा. आपल्याला वन-जे-टू.

“शेठ, टूच द्या. वन आला तर त्याच बसनं परत येईल.”

“अहो, तुम्हाला कधी चुकीचं दिलंय का?” शेठ म्हणाले. दुपारच्या बसमध्ये पार्सल टाकायचं ठरलं.

तेल इथंच मिळतं. डॉट-४, सीलबंद छोटी बाटली. मोठा कॅन स्वस्त पडतो, पण उघडा राहिलेला कॅन हवेतलं पाणी ओढत बसतो. कोऱ्या डॉट-४चा उकळबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली मानलेला आहे. याच डबीवर ब्रेकही चालतात, तेव्हा घाट उतरताना तो फरक पायाला कळू शकतो. आणि डॉट-५ असं नुसतं लिहिलेली बाटली कितीही महाग असली तरी नको. ते सिलिकॉनचं तेल, या तेलात मिसळत नाही. डॉट-५.१ चालतं, ते वेगळं.

सकाळी १०:००

बॉक्स उतरवायला घेतला. बॅटरी, बॅटरीचा ट्रे, हवेचा पाईप, गिअरच्या केबल, स्टार्टर. इंजिनाला वरून आडव्या दांडीनं टांगून घेतलं, कारण बॉक्स निघाला की इंजिनाचा एक बाजूचा आधार जातो. अ‍ॅक्सलच्या फ्लँजला बारा टोकांच्या गोटीचे बोल्ट. त्यात साधी अ‍ॅलन की ठोकून घालणारे कारागीर आहेत, आणि त्यांनी गोल केलेले बोल्ट मग आमच्याकडं ड्रिलनं काढायला येतात. आधी खाचेतला चिखल सुईनं उकरायचा, गोटी तळापर्यंत बसवायची, मग जोर.

स्लेव्ह दोन बोल्टवर बाहेरून बसलेला आहे, तो नळीसकट बाजूला घेतला. यानंतर गाडीत कुणी बसायचं नाही. चुकून पेडल दाबलं गेलं तर समोर अडवायला काही नसल्यामुळं स्लेव्हचा पिस्टन उडून बाहेर येतो आणि तेल सगळीकडं. बारक्यानं सीटवर रिकामा जॅक आडवा टाकून ठेवला. ही त्याची स्वतःची पद्धत, आणि चांगली आहे.

स्लेव्ह बाहेर असणं हे या गाडीचं भाग्य. पुष्कळ नव्या गाड्यांत स्लेव्ह आणि बेअरिंग एकत्र करून बॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवतात. तिथं तो सिलिंडर गळाला की एवढा सगळा पसारा पुन्हा काढायचा. म्हणून सामान निवडताना मी कागदावर दोन रकाने पाडतो: आतलं आणि बाहेरचं. बाहेरचं सामान पुढं दगा देईल तर तासा-दोन तासांत बदलता येतं. आतलं दगा देईल तर दिवस जातो आणि मजुरी पुन्हा पडते. त्यामुळं आतल्या रकान्यात काटकसर करायची नाही, मग तो चहाच्या दोन कपांएवढ्या किमतीचा बोल्ट का असेना. गिऱ्हाइकाला कात्री लावायचीच असेल तर बाहेरच्या रकान्यात लावू द्यायची.

दुपारी १:००

बॉक्स खाली आला. प्रेशर प्लेट सोडताना बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे ढिले केले आणि सगळं बाकावर उजेडात मांडलं. आता वाचायचं काम.

प्लेटचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्याला टेकलेलं. कडेला काळपट, चकाकतं, काचेसारखं. प्रेशर प्लेटच्या तोंडावर निळे डाग, ही उष्णतेची सही. डायफ्रामच्या पाकळ्यांच्या टोकांना बेअरिंगनं गोल खाच पाडलेली. बेअरिंग हातात फिरवलं तर किरकिर नाही, पण कोरडं, हलकं फिरतंय. ग्रीस संपलं की असंच फिरतं. लोकांना वाटतं मोकळं फिरतंय म्हणजे चांगलं आहे.

प्लेटच्या एका बाजूला तेलाचा पुसट शिंतोडा होता. तो कुठून आला हे ठरल्याशिवाय नवी प्लेट लावण्यात अर्थ नाही. इंजिनाच्या मागच्या सीलमधून येऊ शकतो, किंवा बॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून. बोटावर घेऊन हुंगलं. गिअर ऑइलला गंधकाची उग्र घाण असते, एकदा नाकात बसली की आयुष्यभर ओळखू येते. ही ती नव्हती. काळं, जळकं इंजिन ऑइल. मागचं सील गेलेलं. आतल्या रकान्यात एक ओळ वाढली.

राहिलं फ्लायव्हील. आरएसचं फ्लायव्हील दोन तुकड्यांचं आहे. दोन चकत्या, मधे ग्रीसमध्ये बसलेल्या लांब वक्र स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के त्या स्प्रिंगा खातात आणि बॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. हातानं डावी-उजवीकडं फिरवायचं: थोडा मोकळा प्ले, मग स्प्रिंगचा विरोध लागला पाहिजे. इथं मोकळा प्लेच फार, आणि कडेला ग्रीसचे फराटे. म्हणजे आतलं ग्रीस बाहेर फेकलं गेलंय. दोन चकत्या एकमेकींवर डुलतातही. संपलेलं आहे.

असलं फ्लायव्हील लेथवर फेसिंग मारून वाचत नाही. बनवणारेच नको म्हणतात. पृष्ठभाग सरळ होईल, आतल्या स्प्रिंगांचं काय करणार?

दुपारी २:००

डबा: बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. बाजूला फोन स्पीकरवर, पलीकडं दादा.

“फ्लायव्हील संपलंय ना? मग माझं बसवा की एकसंध.”

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. दोन तुकड्यांचं नवं फ्लायव्हील अख्ख्या क्लच सेटहून महाग पडतं. जगभर या इंजिनाचे शौकीन ते टाळायला एक जुनी जोडी वापरतात: फोक्सवॅगनच्या जी-६० इंजिनाचं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ची २२८ मिलिमीटरची क्लच प्लेट. चालते, टिकते, जास्त टॉर्कही झेलते. पण एकसंध फ्लायव्हीलला स्प्रिंगा असलेलीच प्लेट लागते, कारण धक्के खायला दुसरं कुणी उरत नाही. दोन तुकड्यांच्या फ्लायव्हीलला बहुधा बिनस्प्रिंगची प्लेट असते. या जोड्यांची सरमिसळ केली तर बॉक्सवर थेट घाव. आणि सगळं बरोबर जुळवलं तरी आयडलिंगला क्लच सोडला की बॉक्समधून खडखड ऐकू येतेच. धोका नाही, पण ती असते.

“दादा, रिमॅप करणार असाल तर मी स्वतः तुम्हाला एकसंध घ्या म्हणेन, त्याला साजेशा प्लेटसकट. आज तुमचं इंजिन कंपनीतून आलं तेवढंच ओढतं, २१० न्यूटन मीटर. त्याला कंपनीचाच क्लच पुरून उरतो. तुम्हाला ट्रॉलीमागं पहिल्या-दुसऱ्यात रांगायचंय. घरच्यांना घेऊन शिर्डीला जाताना वहिनी विचारणार, हा आवाज कसला.”

पलीकडं जरा शांतता. मग, “कंपनीचंच मागवा. हे खोकं मी विकतो.”

दुसरी ऑर्डर दिली. इथं आणखी एक सापळा. कॅटलॉगमध्ये ऑक्टाव्हिया आरएस टाकलं की युरोपातली आरएस उघडते, १८० अश्वशक्तीची. आपल्याकडं आली ती १५०ची. बिल्ला तोच, इंजिन वेगळं. म्हणून बिल्ल्यावर जायचं नाही. इंजिनाचा कोड आणि सतरा अक्षरांचा चेसिस नंबर शेठना व्हॉट्सअ‍ॅप केला, जुन्या प्लेटवरच्या आणि फ्लायव्हीलवरच्या नंबरांचे फोटो पाठवले. तिन्ही एकमेकांशी जुळले तरच माल निघणार.

आतला रकाना आता असा: फ्लायव्हील लुकचं, कारण जुन्यावर तेच नाव कोरलेलं आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग सेटमध्ये, लुक किंवा सॅक्स, दोन्हीतलं जे आज हातात आहे ते. बेअरिंगचा गाईड स्लीव्ह. रिलीजचा फोर्क आणि त्याची क्लिप. इंजिनाचं मागचं सील. आणि बॉक्स उतरलाच आहे तर इनपुट शाफ्टचंही सील, आज गळत नसलं तरी. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. ते घट्ट करताना ताणले जातात, दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. गिअर ऑइल ७५-डब्ल्यू-९०, दोन लिटर.

दुपारी ३:१५

प्लेट मधोमध धरायला डमी शाफ्ट लागतो. नाहीतर प्रेशर प्लेट आवळताना प्लेट केसभर सरकते आणि बॉक्सचा शाफ्ट आत जायचं नाव घेत नाही. मग दोन माणसं बॉक्स पोटावर घेऊन शिव्या घालत बसतात. काही सेटमध्ये प्लास्टिकचा डमी येतो, तो पहिल्याच वेळी वाकतो. माझा जुना झिजला होता, म्हणून लेथवाल्या चाचांकडं गेलो.

चाचांनी बॉक्सच्या शाफ्टचं माप व्हर्नियरनं घेतलं, जुन्या प्लेटच्या भोकात बोट घालून बघितलं आणि नायलॉनचा एक गोल चकमध्ये धरला. पांढऱ्या लांब फिती निघत राहिल्या. टोकाला क्रँकच्या भोकात बसणारी मान, मागं प्लेटच्या दातांत अडकून बसेल असा किंचित निमुळता भाग. शेवटचा कट घेताना त्यांनी मशीन थांबवून जुन्या प्लेटवर बसवून बघितलं, पुन्हा अगदी पुसटसा कट घेतला.

“चाचा, दादांचं फ्लायव्हीलही आणलंय. जरा डायल लावून बघा. विकणार आहेत, घेणाऱ्याला सांगता येईल.”

डायलची सुई एका फेऱ्यात जवळजवळ हललीच नाही. “माल चांगला है,” चाचा म्हणाले. “पण चांगला माल चुकीच्या गाडीत गेला की तोच वाईट.”

दुपारी ४:३०

पहिलं पार्सल तारकपूर स्टँडवरून बारक्यानं आणलं. मास्टर काढला, नंबर बघितला: वन-जे-टू. शेठचा शब्द राहिला.

बाकावर जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितलं. नळीचं तोंड, दांड्याची लांबी, पेडलला अडकणारी प्लास्टिकची क्लिप. नव्या मास्टरबरोबर क्लिप आली नसेल तर जुनी वापरायचा मोह होतो. ती काढतानाच तिला चीर गेलेली असते. याच्यासोबत ती आली आहे.

डॅशखाली पाठीवर पडून, मान वाकडी करून मास्टर बसवला. सीलला डॉट-४चाच हात लावला. पेट्रोल किंवा डिझेलनं धुतलेलं सील फुगतं, ग्रीस लावलेलंही. क्लचच्या सिलिंडरमध्ये खनिज तेलाचं बोट गेलं तरी पुरे. हे बारक्याला रोज सांगावं लागतं, कारण गॅरेजात बाकी सगळं डिझेलनंच धुतलं जातं.

स्लेव्हला मात्र आज बॉक्सवर जागा नाही. नळी जोडली, निपल सगळ्यात वर येईल असा हातात धरला, आणि बारक्या वरून डबीत तेल भरत असताना, पेडल मारण्याऐवजी मी स्लेव्हचा दांडा हातानं हळूहळू आत दाबत राहिलो. हवेचे बुडबुडे उलट्या वाटेनं वर डबीत येऊन फुटतात. उरलेली हवा उद्या बॉक्स चढल्यावर निपलमधून काढायची. नळी बदलायची का, हे बारक्यानं विचारलं. स्टीलच्या जाळीची मिळते, पेडल जरा कडक लागतं. बाहेरच्या रकान्यातली गोष्ट. जुनी नळी फुगत नाही, तडे नाहीत. राहू दे.

संध्याकाळी ७:१०

दुसरं पार्सल जड. तारकपूरला हमालानं खाली ठेवतानाच विचारलं, आत काय लोखंड भरलंय का.

खोकं उघडण्याआधी बाहेरून बघायचं: छपाई धूसर आहे का, सील दोनदा चिकटवलंय का, लेबलवरचा नंबर आतल्या मालावरच्या नंबराशी जुळतो का. नामांकित क्लचच्या नकली सेटचा बाजार मोठा आहे, आणि नकलेत सगळ्यात आधी खोक्याची नक्कल होते. म्हणून खोक्यावर भरवसा न ठेवता प्लेट हातात घ्यायची. लायनिंगची जाडी सगळीकडं सारखी. रिव्हेट एका पातळीत खोल बसलेले. जुन्या प्लेटशी व्यास जुळतो. आणि बॉक्सच्या शाफ्टवर चढवून सरकवली तर ना अडकते, ना खुळखुळते.

प्लेटच्या एका अंगावर जर्मन अक्षरं: गेट्रीबेझाइटे. ही बाजू गिअरबॉक्सकडं. उलटी बसवली तर मधला उंचवटा फ्लायव्हीलवर घासतो आणि क्लच सुटतच नाही. बारक्यानं त्या बाजूला पांढऱ्या मार्करनं मोठा “बॉ” लिहिला. जर्मन त्याला येत नाही आणि उद्या सकाळी झोपेत मला मराठीही येणार नाही.

प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलच्या तोंडावर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो उद्या लावण्याच्या क्षणी क्लीनरनं पुसायचा, आज नाही.

एक वस्तू कमी निघाली. फोर्कची क्लिप आली नाही. तळहातावर मावेल एवढी तार, पण ती आतल्या रकान्यात आहे. जुनी अजून बरी दिसते. शेठना फोन केला.

“अहो, एवढ्याशा तारेसाठी काम थांबवता?”

“थांबवतो शेठ. सकाळच्या पहिल्या बसला टाका.”

रात्री ८:३०

दादांना फोनवर अंदाज सांगितला. आतलं किती, बाहेरचं किती, मजुरी किती, असं वेगवेगळं. फ्लायव्हीलचा आकडा ऐकून ते थांबले, मग म्हणाले, “खोकं विकून निम्मं निघेल.” काढलेलं सगळं जुनं सामान पोत्यात भरून त्यांच्या डिकीत ठेवायचं हे आमच्याकडं ठरलेलं; काय बदललं ते गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघावं.

उद्याचा क्रम फळ्यावर लिहिला. आधी मागचं सील. मग फ्लायव्हील, नवे बोल्ट, ६० न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. मग डमी शाफ्टवर प्लेट, “बॉ” बाहेर. क्लिप दहाच्या आत आली तर दुपारपर्यंत बॉक्स चढतो, हवा काढून संध्याकाळी चांदबिबी महालाच्या चढावर ट्रायल. तिथं गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलता आली की काम झालं.

“आणि वस्ताद, रविवारी शिर्डीला न्यायला हरकत नाही ना?”

“न्या की. पण पहिले पाचशे किलोमीटर क्लच नीट बसू द्या, उगाच रेस करून सोडू नका. आणि इमामपूरला ट्रॉली लागली तर हाफ क्लचवर तिच्या मागं लोंबकळायचं नाही. न्यूट्रलला थांबायचं, अंतर पडू द्यायचं, मग पहिल्यात पूर्ण क्लच सोडून चढायचं.”

“मागचे हॉर्न वाजवतात हो.”

“वाजवू द्या. तुमच्या क्लचचे पैसे ते देणार आहेत का?”